दोनशे दहा चौरस फुटांची झाडलोट

चित्रकार व्हायचं ठरवणाऱ्या माणसाला घरचे गरिबीची भीती घालतात, शेजारीपाजारी उपेक्षेची. झाडलोटीची भीती कुणीच घालत नाही. अमेरिकेतल्या कलाजत्रांमधून गावोगाव फिरून चित्रं विकणाऱ्या माणसाला मात्र हीच भीती आधी घालायला हवी. त्याच्या हातात कुंचला जास्त वेळ असतो की व्हॅक्यूम क्लीनर, याचा हिशेब कुणी अजून मांडलेला नाही, आणि मांडूही नये.

या जत्रांचं प्रस्थ मोठं. मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर गावात १९६० पासून दर जुलैत अशी जत्रा भरते. गावातले रस्ते वाहनांना बंद होतात आणि सुमारे हजार कलावंत भर उन्हात तंबू ठोकून बसतात. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण दहा बाय दहा फुटांचा चौकोन. तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू गिऱ्हाइकाला मोकळी. भिंत म्हणजे सात फूट उंच, तीन फुटांहून जरा रुंद अशी पॅनल एकमेकांना जोडून केलेली: आत हलका सांगाडा, वर गालिच्याच्या जातीचं, बारीक लव असलेलं कापड. एका भिंतीला तीन, तीन भिंतींना नऊ. म्हणजे सगळं मिळून २१० चौरस फूट कापड. मुंबईच्या चाळीत याहून कमी मापात सहा-सहा माणसांचे संसार झाले. इथे तेवढं क्षेत्रफळ एकटा माणूस झाडतो, तेही दर शनिवार-रविवारी नव्या गावात.

आपल्याकडचा चित्रकार या बाबतीत सुखी म्हणायचा. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत जो आठवडाभर दालन घेतो, त्याला भिंत घरी न्यावी लागत नाही. तिच्यावर ओरखडा उठला तर तो भिंतीपाशीच राहतो. अमेरिकेतला जत्रेकरी चित्रकार भिंती व्हॅनमध्ये घालून हिंडतो, आणि भिंतीबरोबर तिच्यावरची धूळ, डाग आणि वासही तेराशे मैल पुढच्या गावी जातात.

आता या पॅनलचं काम काय, तर दिसू नये. लोकांना चित्र दिसावं, मागचं काही दिसू नये, एवढ्याचसाठी ते विकत घेतलेलं असतं. न दिसणाऱ्या वस्तूवर माणूस इतका घाम गाळतो असं उदाहरण दुसरीकडे सापडणं कठीण. पॅनल स्वच्छ असेल तर कुणी त्याची दखल घेत नाही. त्यावर एक केस दिसला, की मात्र चित्रं सोडून सगळे त्या केसाकडे बघतात.

केस दिसणारच, कारण पॅनलचा गुण तोच त्याचा अवगुण आहे. या कापडाला व्हेल्क्रो चिकटतं. चित्राच्या नावाची पाटी, किमतीचं कार्ड, दिव्याची वायर, हलक्या चौकटी, सगळं कुठेही लावा, काढा, दुसरीकडे लावा. खिळा नको, भोक नको. या व्हेल्क्रोचा जन्म मोठा मौजेचा. १९४१ साली जॉर्ज द मेस्त्राल नावाचा स्विस इंजिनिअर कुत्र्याला घेऊन डोंगरात शिकारीला गेला. परतल्यावर पाहतो तर त्याच्या पँटला आणि कुत्र्याच्या अंगाला काटेरी बोंडं चिकटलेली. दुसरा कुणी असता तर त्याने कुत्र्याला शिव्या देत ती उपटून टाकली असती. मेस्त्रालने बोंड सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. काट्यांची टोकं आकड्यासारखी वळलेली होती आणि ती केसांच्या वेटोळ्यांत अडकत होती. एका पट्टीवर आकडे, दुसरीवर वेटोळी, ही युक्ती नायलॉनमध्ये उतरवायला त्याला पुढची कित्येक वर्षं लागली. पेटंट मिळालं १९५५ मध्ये.

थोडक्यात, व्हेल्क्रोच्या शोधात निम्मा वाटा कुत्र्याच्या केसांचा आहे. कुत्र्याची जात हे विसरलेली नाही. आजही ती आपला वाटा मागायला कलाजत्रेत येते.

काही जत्रांत कुत्र्यांना मनाई असते. अशा ठिकाणी ते बाबागाडीत बसून येतात. मनाई नसेल तिथे मालक चित्रासमोर उभा राहून मान तिरकी करतो, दोन पावलं मागे जातो, परत पुढे येतो. तेवढ्यात सोनेरी केसांचा, धष्टपुष्ट, स्वभावाने अत्यंत प्रेमळ असा तो प्राणी पॅनलला अंग टेकवतो. नुसतं टेकवतो म्हणणं अन्यायाचं होईल. डोक्यापासून शेपटीपर्यंत घासत जातो आणि उलट दिशेने पुन्हा येतो. मालक कौतुकाने म्हणतो, ‘याला तुमचं काम फार आवडलेलं दिसतंय.’ चित्रकार हसतो. काळ्या पॅनलवर गुडघ्याच्या उंचीवर आता सोनेरी रंगाचा आडवा पट्टा उमटलेला असतो, आणि मालक चित्र न घेता पुढच्या तंबूकडे निघालेला असतो.

हे केस काढायला व्हॅक्यूम क्लीनर फारसा उपयोगी पडत नाही. केस वेटोळ्यांत विणला गेलेला असतो. यंत्र वरची धूळ ओढतं आणि केस तिथेच डुलत राहतो. अनुभवी मंडळी म्हणून भांडी घासायचा रबरी हातमोजा चढवतात, किंवा खिडकीची काच पुसायची रबरी पट्टी घेतात आणि वरून खाली, एकाच दिशेने, ओढत आणतात. रबराच्या घर्षणाने केस गोळा होऊन त्यांची वळकटी होते, ती उचलायची. गोल गोल घासायचं नाही; घासलं की लवेवर गोळे येतात आणि पॅनल जुन्या स्वेटरच्या कळेला जातं. नवशिका पहिल्या वर्षी गोल घासतो. दुसऱ्या वर्षी तो कापडावरचे गोळे कापायचं छोटं यंत्र विकत घेतो.

जत्रा सुरू झाली की मात्र हातमोजा चढवता येत नाही, बरं दिसत नाही. तेव्हा टेबलाखालून चिकट रोलर बाहेर येतो. त्याचा जनकही मिशिगनचाच. निकोलस मॅके या गृहस्थाने १९५६ साली सुटावरची कुसं काढायला पुठ्ठ्याच्या नळीवर चिकटपट्टी उलटी गुंडाळली, तारेची मूठ केली आणि पुढे फ्लिंट या गावात बायको हेलनच्या साथीने त्याचा कारखाना काढला. फ्लिंट ॲन आर्बरपासून तासाभराच्या अंतरावर आहे. जत्रेत हा रोलर किती खपतो हे पाहिलं तर मॅके दांपत्याचा एखादा पुतळा जत्रेच्या दारात उभारायला हरकत नव्हती.

त्याच १९५६ साली एक उलटी गोष्टही घडली. सिनसिनाटी शहरात कुटॉल नावाची कंपनी भिंतीवरचा कागद साफ करायचा मऊ गोळा विकत असे. घरोघरी कोळशाच्या शेगड्या होत्या, भिंतींवर काजळी धरायची, आणि हा कणकेसारखा गोळा फिरवला की काजळी त्याला चिकटून यायची. पुढे कोळसा गेला, गॅस आला, काजळी संपली, कंपनी बुडायला लागली. तेव्हा एका बालवाडीच्या बाईंनी मुलांना तो गोळा खेळायला दिला, आणि त्याचं ‘प्ले-डो’ झालं. भिंत पुसणारी वस्तू खेळणं बनून कोट्यधीश झाली आणि चित्रकारांच्या वाट्याला भिंत पुसणं तेवढं राहिलं.

पॅनलचा रंग कोणता घ्यावा यावर या मंडळींत जे वाद होतात, ते आपल्याकडे मिसळीवर होतात तेवढ्याच निष्ठेने होतात. काळ्यावर चित्र उठून दिसतं, पण कुत्र्याचा केस त्याहून उठून दिसतो. शिवाय जुलैच्या उन्हात काळं पॅनल तापतं आणि तीन-चार हंगामांत विटून तपकिरी पडतं. बदामी रंगावर पाण्याचा ओघळ आणि गंजाचा डाग कायमचे वस्तीला येतात. पांढऱ्याबद्दल बोलायलाच नको. ते घेणाऱ्याकडे लोक आदराने आणि थोड्या काळजीने बघतात. शेवटी बहुतेक जण राखाडीवर येऊन ठरतात. कारण विचारलं तर ‘राखाडी रंग तटस्थ असतो, चित्राच्या रंगांत ढवळाढवळ करत नाही’ असं शास्त्रशुद्ध उत्तर मिळतं. ते खरं आहे. धूळही राखाडी असते, हेही खरं आहे.

वसंतात दक्षिणेत गेलं की राखाडीचाही इलाज चालत नाही. फ्लोरिडातल्या विंटर पार्कची जत्रा मार्चमध्ये असते, तीही १९६० पासूनची. तेव्हा तिथले ओक फुलोऱ्यावर असतात आणि हवेतून पिवळ्या परागांची बारीक भुकटी सारखी उतरत असते. ती दिसली की माणूस साहजिकच ओलं फडकं घेतो आणि इथेच फसतो. कोरडा पराग झटकला, ओढला किंवा चिकटपट्टीने टिपला तर निघतो. पाणी लागलं की त्यातला रंग धाग्यात मुरतो आणि पॅनलवर हळद लागते. मग लोक विचारतात, हे मुद्दाम केलंय का?

पण पराग, धूळ, कुत्रे ही सगळी निसर्गाची करणी. माणसाची करणी वेगळीच. जत्रेला येणाऱ्या सज्जनांना चित्राला हात लावू नये हे लहानपणापासून शिकवलेलं असतं, त्यामुळे ते चित्राला हात लावत नाहीत. पॅनलबद्दल कुणी काही शिकवलेलं नसतं. चित्र बघता बघता त्यांचा तळहात शेजारच्या कापडावर जातो आणि लव वर-खाली कुरवाळत राहतो. त्या तळहातावर नुकतंच खाल्लेलं, साखर भुरभुरवलेलं तळणीचं काहीतरी असतं, लिंबाच्या सरबताचा ओलावा असतो आणि ऊन असल्यामुळे सनस्क्रीन असतं.

यात साखर परवडली, सनस्क्रीन नको. पुष्कळ सनस्क्रीनमध्ये ॲव्होबेन्झोन नावाचं द्रव्य असतं. ते लागल्या लागल्या दिसत नाही. चित्रकार घरी जातो, स्वच्छतेच्या उत्साहात पाण्याने पॅनल पुसतो, आणि पाण्यात लोह असलं तर ॲव्होबेन्झोनशी त्याची गाठ पडून नारिंगी, गंजासारखा डाग उमटतो, पाच बोटांसकट. चित्रकार घाबरून ब्लीच काढतो. ब्लीचने हा डाग जात नाही, उलट पक्का होतो. तीच गत चित्र टांगायच्या हुकाच्या खऱ्याखुऱ्या गंजाची. गंजावर लिंबासारखं आंबट काहीतरी चालतं, ब्लीच नाही. हे ज्ञान ज्या पॅनलवर मिळतं ते पॅनल पुढे कायम मागच्या कोपऱ्यात उभं राहतं आणि त्याच्यासमोर सगळ्यात मोठं चित्र टांगलं जातं. मोठी चित्रं काढण्यामागे कलेची काही कारणं असतीलही.

पॅनल कुरवाळणाऱ्यांतला एक वर्ग आणखी पुढे जातो. तो बराच वेळ तंबूत रेंगाळतो, डोळे बारीक करतो, आता किंमत विचारणार अशी आशा निर्माण करतो आणि विचारतो, ‘ही पॅनल कुठून घेतलीत हो?’ तो स्वतः चित्रं काढत असतो आणि पुढच्या वर्षी जत्रेत उतरायचा त्याचा विचार असतो. चित्रकाराने वाईट वाटून घेऊ नये. १८७४ साली पॅरिसमध्ये नादारच्या स्टुडिओत मोने, रेन्वार, देगा या मंडळींनी आपलं पहिलं प्रदर्शन भरवलं, तेव्हा लुई लरॉय या समीक्षकाने मोनेच्या समुद्राच्या चित्रापेक्षा भिंतीवरचा कागद बरा अशा अर्थाची टर उडवली होती. म्हणजे चित्र सोडून भिंतीकडे बघायची परंपरा दीडशे वर्षांची आहे. त्याच टवाळ लेखातून त्या मंडळींना ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव चिकटलं, ही निराळी गोष्ट.

या सगळ्यावर पाऊस आहेच. ॲन आर्बरकर थट्टेने नव्हे तर अनुभवाने सांगतात की जत्रेच्या दिवसांत एक तरी वादळ यायचंच. दुपारी चारला आभाळ भरतं, साडेचारला तंबू धरून चित्रकार उभा असतो, पाचला ऊन. चित्रं आधी वाचवायची हे ठरलेलं, त्यामुळे भिजतात ती पॅनल. कापड खालच्या बाजूने पाणी शोषून वर चढवत नेतं आणि रात्री थकलेला माणूस ती ओली पॅनल तशीच व्हॅनमध्ये रचून दार लावतो. बंद व्हॅन, जुलैची उष्णता, ओलं कापड. ओली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवली नाही तर बुरशी धरते असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. व्हॅनला एवढाही वेळ लागत नाही. गंमत म्हणजे पॅनलचं कापड कृत्रिम धाग्याचं असतं, बुरशीला त्यात खाण्याजोगं काही नसतं. ती जेवते वर सांडलेल्या साखरेवर, त्वचेच्या कोंड्यावर आणि धुळीवर. प्रेक्षक पंगत मांडून जातात आणि बुरशी येऊन बसते.

मग घरी आल्यावर नऊ पॅनल गॅरेजमध्ये, ते भरलं की दिवाणखान्यात, पंखे लावून उभी करायची. घरच्या माणसांना दोन दिवस आपल्याच घरात वाट काढत प्रदर्शन बघितल्यासारखं फिरावं लागतं. कुबट वासावर व्हिनेगर पाण्यात मिसळून फवारतात, आधी आतल्या बाजूला कोपऱ्यात करून पाहतात. व्हिनेगरने भागलं नाही म्हणून कुणी त्यावर ब्लीच ओतू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, ईप्रच्या रणभूमीवर तो सैनिकांवर सोडला होता. एवढी टोकाची कारवाई पॅनलवर करायचं कारण नाही.

समजा, एवढं सगळं करून पॅनल लख्ख झालं. तरी एक अडचण उरते. हिवाळ्यात जत्रा मोठ्या सभागृहांत भरतात आणि तिथे अग्निशमन खात्याचा अधिकारी येतो. कापड आग न धरणारं आहे याचा दाखला त्याला दाखवावा लागतो; त्याला वाटलं तर तो कापडाचा छोटा तुकडा मागून काडी लावून बघू शकतो. काही कापडांत हा गुण धाग्यातच असतो. काहींवर तो वरून फवारलेल्या रसायनाचा असतो, आणि ते रसायन पाण्याने धुतलं की जातं. म्हणजे तीन दिवस राबून चित्रकाराने डाग, वास, बुरशी आणि कायदेशीरपणा एकदमच धुऊन काढलेला असतो. पॅनल मळकं होतं तेव्हा नियमात बसत होतं.

इतकी उस्तवार कशासाठी, असं विचारलं तर उत्तर आहे: फोटोसाठी. मोठ्या जत्रांमध्ये जागा मिळवायला अर्ज करावा लागतो. त्यात चार-पाच चित्रांचे फोटो आणि एक फोटो मांडलेल्या तंबूचा. त्यात कलावंताचं नाव दिसता कामा नये, चेहरा दिसता कामा नये. परीक्षकांसमोर सगळे फोटो काही सेकंद झळकतात आणि पुढचा अर्ज येतो. त्या काही सेकंदांत परीक्षकाची नजर कोपऱ्यातल्या सुरकुतीवर जाईल, या भयाने माणूस पहाटे उठून हातात वाफेची इस्त्री घेऊन उभ्या भिंतीला इस्त्री करतो. संगणकावर फोटोतलं पॅनल साफ करणारेही आहेत. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही; निदान त्या एका पॅनलवर कुत्रा पुन्हा येत नाही.

या धंद्याचा मूळपुरुष पाहिला तर आणखी हसू येतं. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये १९३१ साली, मंदीच्या दिवसांत, काही फाटक्या चित्रकारांनी वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ फुटपाथवर चित्रं मांडली. त्यातून आजचं तिथलं उघड्यावरचं प्रदर्शन उभं राहिलं, आणि सुरुवातीच्या त्या मंडळींत जॅक्सन पोलॉकचं नाव सांगतात. पोलॉकला पॅनल नव्हतं, रोलर नव्हता. पुढे १९४७ मध्ये त्याने ‘फुल फॅदम फाइव्ह’ हे चित्र केलं, त्यात रंगाच्या थरांत खिळे, बटणं, किल्ली, नाणी, सिगारेटी आणि काड्या आहेत. ते चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. हाच ऐवज पॅनलवर सापडला असता तर परीक्षकांनी अर्ज परत पाठवला असता.

संग्रहालयांतल्या चित्रांची सफाई करणारेही काही फार वेगळं करत नाहीत, हे कळल्यावर जत्रेकऱ्याला धीर यावा. ते कापसाचा बोळा काडीला गुंडाळून तोंडातल्या थुंकीने भिजवतात आणि तसूतसूने मळ काढतात. १९९० साली तीन पोर्तुगीज संशोधकांनी ही थुंकी इतर द्रावणांशी ताडून पाहिली आणि तिच्यातल्या अमायलेज या विकरामुळे ती खरोखर चांगली सफाई करते असं दाखवलं. २०१८ मध्ये त्यांना या कामाबद्दल रसायनशास्त्राचं इग नोबेल मिळालं. जत्रेतला चित्रकार हा प्रयोग केव्हापासून अंगठ्याने करत आला आहे. फक्त २१० चौरस फुटांना पुरेल एवढं तोंड कुणाला नसतं.

महाराष्ट्र मंडळांच्या कृपेने मराठी माणूस अमेरिकेत सर्वत्र आहे, आणि पाहुणे म्हणून जाणाऱ्या आईवडिलांना उन्हाळ्यात एखादी कलाजत्रा दाखवली जातेच. अशी वेळ आली तर एवढं करावं: सनस्क्रीनचे हात मागे बांधावेत, खाणं तंबूबाहेर संपवावं, यजमानांचा कुत्रा दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्यावा. आणि पॅनल कुठून घेतलं हे विचारायचंच असेल, तर आधी एका चित्राची किंमत विचारावी.